सुमनचं पान

“समजा मॅडम, तुमी तिथं मेलात. आता आमी काय करायचं?”

वसमतच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गाव कोणतं, लग्न झालं का, हे बाकीच्यांनी नंतर विचारलं. प्रश्न विचारणारे सर फिजिक्स शिकवायचे. उंच, थोडे पुढे झुकलेले, केस कायम उभे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. “तिथं म्हणजे कुठं?” मी विचारलं. त्यांनी खिडकीतून वर बोट दाखवलं. खिडकीबाहेर कडुनिंब होता, त्यामुळे मला वाटलं ते झाडावर म्हणताहेत. शेजारी इतिहासाचे सर पेपर तपासत बसले होते. त्यांनी मान वर न करता खुलासा केला, “अंतराळात. त्यांच्या कादंबरीत. घाबरू नका, हा प्रश्न सगळ्यांनाच असतो.”

मी नवी होते, पण तोंडाने फटकळ होते. फटकळ आजही आहे. म्हटलं, “मेल्यावर मला काय फरक पडतो? टाका कुठंतरी.”

“बराबर,” सर म्हणाले. “तुमाला न्हाईच पडत. आमाला पडतो. पुढं?”

हे ‘बराबर, पुढं?’ त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. वर्गात पोरानं उत्तर दिलं तरी हेच आणि बाजारात भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी हेच. समोरच्याचं म्हणणं आधी कबूल करायचं आणि मग त्याला एक पायरी पुढे ढकलायचं. पुष्कळ लोक त्या पुढच्या पायरीला घाबरून सरांना टाळायचे. माणसांना ते विषयाच्या नावानं हाक मारत. आठवडाभरात मी ‘मॅडम’ची ‘केमिस्ट्री’ झाले आणि ‘तुमी’ची ‘तू’. इतिहासाच्या सरांना नुसतं ‘इतिहास’. प्राचार्यांना त्यांच्या माघारी ‘परिपत्रक’. हळद शिजायच्या दिवसांत शेतावरून येणाऱ्या मुलांच्या कपड्यांना वाफेचा वास असायचा, तेव्हा सर हजेरी न घेता नुसते दारात उभे राहून कोण कोण कढईवरून आलंय ते सांगत. मुलांना ते फार आवडे.

कादंबरी सराव परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली होती. गोष्ट अशी. पृथ्वीवरून एक यान निघतं. जायचं ठिकाण इतकं लांब की निघालेले पोचणार नाहीत, त्यांची पतवंडं पोचतील. यानात शेती आहे, शाळा आहे, भांडणं आहेत. फक्त धर्म नाही. तो सरांनी पृथ्वीवरच उतरवून ठेवला होता. जात कळू नये म्हणून आडनावं नव्हती आणि देवांची नावं येऊ नयेत म्हणून नावंही नव्हती, माणसांना क्रमांक होते. पहिले काही भाग झोकात झाले. मग यानाच्या बाहेरून दुरुस्ती करताना सातवी मेली. तरुण पोरगी. तिला शीतकक्षात ठेवलं, बाकीचे सगळे भोवती जमले, आणि ‘मग त्यांनी’ एवढं लिहून सर थांबले. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते तिथंच होते आणि पुढे बरीच वर्षं तिथंच राहिले.

अंतराळाच्या गोष्टी लिहिणारा माणूस यंत्रापाशी अडेल असं आपल्याला वाटतं. सर मढ्यापाशी अडले.

असं नाही की त्यांनी प्रयत्न केला नाही. सातवीचं यानातल्या शेतात खत केलं, फाडलं. तिला बाहेर सोडून दिलं, फाडलं. ‘सगळे आपापल्या कामाला गेले’ असंही लिहिलं होतं, ते तर माझ्यासमोर फाडलं. “खोटं वाटून राहिलं,” म्हणाले. “अशी माणसं जात न्हाईत कामाला. एकजण तरी मागं वळून बघणार. त्यानं मागं वळून बघितलं की झालं, धर्म सुरू.”

“मग होऊ द्या की सुरू,” मी वैतागून म्हटलं.

त्यावर ते चिडले नाहीत. खुर्चीत बसले आणि चष्मा काढून हातात धरला. “केमिस्ट्री, एवढ्या लांब जाऊनबी माणूस नारळच फोडत बसणार असंल, तर काहून जायचं? मला त्याला एकदा मोकळा बघायचाय. कागदावर का होईना.”

हे ते गंमत म्हणून बोलत नव्हते. कोणी सोन्याचा, कोणी जमिनीचा ध्यास घेतो, तसा या माणसानं माणूस मोकळा होण्याचा ध्यास घेतला होता. आणि घरी देव्हारा होता. काकूंचा. काकू म्हणजे सरांची बायको, अंगानं बारीक, आवाजानं मोठी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही सोडायच्या नाहीत. सर दर सोमवारी बेल आणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि मेथीची जुडी द्यावी तसे देत. “ही घे तुझी भाजी.” काकू तो घेऊन धुवायला लागत.

श्रावणातल्या सोमवारी ते त्यांना स्कूटरवर औंढ्याला नागनाथाच्या देवळात नेत. काकू दर्शनाच्या रांगेत आणि सर देवळाच्या मागच्या अंगाला, नंदीजवळ सावलीत. औंढ्याला नंदी मागे आहे. भक्ताला समोरून हाकललं तर तो मागे जाऊन कीर्तन करू लागला, आणि देवळानंच त्याच्याकडे तोंड फिरवलं, नंदी राहिला तिथं राहिला, हे आमच्याकडं लहान पोरही सांगतं. तिथल्या एका गुरवाशी सरांची ओळख झाली. त्याला त्यांनी आपली अडचण सांगितली, “महाराज, यान सारखं फिरत असतं. तिथं पूर्वच न्हाई. कोणाला दिवा लावायचा असंल तर कुणीकडं तोंड करून लावायचा?”

गुरवानं पान चघळत थोडा विचार केला. “सर, आमच्या देवानं एका माणसापायी आख्खं देऊळ फिरवलं. त्याला काय दिशेचं! तुमी लावा कुणीकडंबी. तो घेईल फिरून.”

मंगळवारी हे आम्हाला सांगताना सरांचा चेहरा पडलेला होता. “बघा. याच्यावर उत्तर हाये का तुमच्याकडं? जाल तिकडं फिरून घेतो. असा कसा मरंल ह्यो?”

इतिहास ऐकत होते. ते बौद्ध, शांत माणूस, पण आपल्या मुद्द्याला पक्के. म्हणाले, “सर, तुमी एवढ्या लोकांना विचारलं, मला न्हाई विचारलं. आमच्याकडं पिंड न्हाई, कावळा न्हाई. आमच्या वडिलांनी ते सोडलं. विचार करून सोडलं, विसरले म्हणून न्हाई. तुमच्या यानात आमचं कोणी हाये का न्हाई?”

सर एकदम उठून उभे राहिले. “असायलाच पायजे.”

“मंग तुमाला जे सोडायचंय ते त्यानं कधीच सोडलंय. आमच्यात माणूस गेला की आमी बसतो, वंदना घेतो. सगळं अनित्य हाये हे म्हणतो. गेलेल्याचं चांगलं आठवतो, त्याच्या नावानं काही देतो. त्यानं माणूस मोकळा होत न्हाई का?”

“बराबर,” सर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ‘पुढं?’ म्हणाले नाहीत.

मला कावळ्याचं नाव काढलेलंही चालत नसे, आणि सरांनी एकदा त्याचं कारण विचारलं. मी सांगितलं. मी बारावीत असताना माझे वडील गेले. दहाव्याला पिंड मांडला, कावळा काही शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून मग नातेवाईक एकेक करून मोठ्यानं शब्द देतात. माझे काका हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, “दादा, पोरीची चिंता करू नको, तिला पायजे तेवढं शिकवतो.” कावळा आला, शिवला, सगळ्यांनी डोळे पुसले. परीक्षा झाल्याबरोबर त्याच काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मी शिकले ती आईच्या हट्टानं. तेव्हापासून त्या पक्ष्यावर माझा राग आहे. शब्द देणाऱ्यावर आहेच, पण तो ऐकून खुशाल घास घेऊन उडून जाणाऱ्यावर जास्त आहे.

सरांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. नंतर हळूच म्हणाले, “कावळ्याला माणूस वळखता येत न्हाई. तकलीफ तिथं हाये.”

संध्याकाळी सर ओट्यावर बसून काकूंना कादंबरी वाचून दाखवत. काकू डाळ निवडत ऐकत. नवीन काही लिहिलेलं नसे, म्हणून तेच तेच भाग परत, वर्गातल्या सावकाश आवाजात. मी पुष्कळदा तिथं असायची. काकूंना यान कळत नव्हतं असं सर म्हणत. मला वाटतं त्यांना सगळ्यात जास्त कळलं होतं. सातवी मेल्याचा भाग आला की त्यांचा हात थांबे.

“लेकराला अजून फ्रीजातच ठेवलंय का तुमी?”

“शीतकक्ष म्हणतात त्याला.”

“काहीबी म्हणा. माणूस मेलं की त्याचं करावं लागतं. इतकी वर्षं झाली. कोणाची तरी लेक असंल ना ती?”

“अगं, कागदावर हाये ती.”

“म्हणून काय तशीच टाकून द्यायची? आणि सातवी सातवी काय लावलंय. ढोराला तरी नाव असतं.” नाव काकूंनीच ठेवलं. सुमन. सरांनी पेपरांत कधी ते लिहिलं नाही, पण बोलताना त्यांच्याही तोंडी सुमनच यायला लागलं.

सर्वपित्रीच्या दिवशी काकू सासू-सासऱ्यांची, आपल्या आईवडिलांची पानं वाढून गच्चीवर ठेवत. एका वर्षी मी गेले तर कठड्यावर एक पान जास्त होतं. खीर, कढी, वडा, सगळं. “हे कुणाचं?” मी विचारलं. सर जिन्यात उभे होते, तिथूनच ओरडले, “विचार तिला! विचार! जी कधी जन्मलीच न्हाई तिला जेवू घालून राहिली.” काकू पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “जन्मली न्हाई, मंग मारली कशाला तुमी? मारता येते आणि जेवू घालता येत न्हाई व्हय?”

देवधर्म मी मानत नाही. पण त्या कठड्यावरच्या पानाला मी हसू शकले नाही.

ते पान मग दरसाल राहिलं. काही वर्षांनी काकू आजारी पडल्या आणि आजार लांबला नाही. नांदेडच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “यांना सांगा बाई, पोरीला तसंच ठेवू नका म्हणावं.” सर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं. मी ऐकलं हे त्यांनी पाहिलं.

दहावा त्यांच्या गावी झाला, जवळा बाजारच्या अलीकडे, ओढ्याकाठी. बायका सहसा तिथं येत नाहीत, पण सरांची लेक पुण्याहून आली होती, तिनं हट्ट धरला, आणि ती एकटी नको म्हणून मी गेले. सर विधीला बसले नाहीत, पुतण्या बसला. सर लांब बाभळीला टेकून उभे होते. पिंड मांडला. समोरच्या सोयाबीनच्या बांधावर कावळे होते, ओळीनं बसलेले, पण एकही पुढे येईना.

पुतण्या म्हणाला, “काकू, तुमचे सोमवार आमच्या घरात चालवू.” कावळे हलले नाहीत.

लेक रडत म्हणाली, “आई, बाबांना मी पुण्याला नेते. एकटं ठेवणार नाही.”

“मी येणार न्हाई,” सर बाभळीखालून मोठ्यानं म्हणाले. “तिला फसवू नको.”

ऊन चढलं. गुरुजी वर बघत होते, नातेवाईक एकमेकांकडे. कोणी शेताचं बोललं, कोणी लग्नाचं. मी सरांकडे बघत होते. काय बोलायचं ते त्यांना माहीत होतं आणि ते बोललं की हातातून काय जाईल तेही माहीत होतं. आयुष्यभर एक यान त्यांनी स्वच्छ ठेवलं होतं. शेवटी ते झाड सोडून आले. हात जोडले नाहीत, पाठीमागे धरले, वर्गात उभे राहत तसे.

“सुमनचं करतो,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आत.”

आता नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. कोण सुमन? एका म्हाताऱ्यानं तर सरांकडे अशा नजरेनं बघितलं की मला त्या जागीही हसू आवरावं लागलं. आणि कावळे? ते उठले आणि ओढ्यापलीकडे निघून गेले. कोणी शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घाईनं घरी निघाले.

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, “सर, वाईट वाटून घेऊ नका. पाखरूच ते.”

“वाईट कशाचं?” ते म्हणाले. “आला असता तर मी सुटलो असतो. तिला पोचलं म्हणून घरी जाऊन झोपलो असतो. आता माझा शब्द तसाच पडलाय उन्हात. तो मलाच उचलावा लागंल.”

त्यांनी दिवाळीच्या आत लिहिलं. मला आणि इतिहासांना ओट्यावर बोलावलं, स्वतः चहा केला, फार गोड केला, आणि वाचायला बसले. काकूंचं डाळ निवडायचं सूप कोपऱ्यात भिंतीला उभं होतं.

यानातली माणसं सातवीभोवती जमली आहेत. त्यांच्याकडे मंत्र नाहीत, पुरोहित नाही, नदी नाही, पूर्व नाही. कोणीतरी तिच्या आवडीचं साधं खाणं एका ताटात आणून ठेवतं. मग ते गोल बसतात आणि एकेकजण तिचं काय राहून गेलं असेल ते मोठ्यानं सांगतो आणि त्यातलं आपण काय करणार त्याचा शब्द देतो. ताटाजवळ एकाला बसवलेलं असतं. तिच्याशी जो सगळ्यात जास्त भांडला त्याला. कारण त्याला ती कशी होती ते माहीत असतं आणि तो कोणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही. तिला खरोखर हवं होतं आणि बोलणारा खरोखर करेल, असं काही ऐकलं की तो ताटाला बोट लावतो. लावलं की त्याच्यावर एक काम येतं: तो शब्द पाळला जातो की नाही हे त्यानं जन्मभर बघायचं. त्या माणसाला ते ‘कावळा’ म्हणतात. यानात जन्मलेलं एक मूल विचारतं, कावळा म्हणजे काय? कोणालाच नीट माहीत नसतं. एक बाई सांगते, पृथ्वीवर असायचा म्हणे, खरं-खोटं ओळखणारा. आणि मग ते सातवीला शेतातल्या मातीत ठेवतात. तिथं पहिल्यांदा सरांनी कागदावर लिहिलं होतं: सुमन.

वाचून झालं. इतिहासांनी रुमाल काढला. “सर, या गोलात मी बसू शकतो,” एवढंच म्हणाले.

माझं तोंड मात्र मला आवरलं नाही. “पण सर, हा धर्मच झाला की.”

“व्हय.” त्यांनी कागद गुडघ्यावर आपटून सरळ केले. “झाला. मला वाटलं होतं माणूस यातून सुटंल. न्हाई सुटत, केमिस्ट्री. मागं वळून बघतोच. मी फक्त एवढं केलं, की वळून बघितल्यावर त्याला खोटं बोलता येऊ नये.”

आवाज हरलेल्या माणसाचा होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि त्यांचा फार अभिमानही वाटला. माझ्या वडिलांच्या दहाव्याला असा कावळा असता तर काकांची काय बिशाद होती, हेच घरी जाईपर्यंत डोक्यात घोळत होतं.

त्यानंतर सर पुढे लिहीत राहिले. यान अर्ध्या वाटेपर्यंत गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांचा दिवस ओट्यावर आणि हळदीचा लिलाव होतो त्या मोंढ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला नवे प्रश्न सापडले होते. यानात लग्न कसं लावायचं? तिथं शपथ कशावर हात ठेवून घ्यायची? लोक आता टाळत नव्हते, उलट थांबून उत्तरं देत. सोमवारी ते बेल आणून रिकाम्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून देत. आणि सर्वपित्रीला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गच्चीच्या कठड्यावर एकच पान असे. खीर पातळ, वडे करपलेले. काकूंचं नाही, स्वतःच्या आईवडिलांचं नाही, सुमनचं. “तिचं दरसाल असायचं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “वाढणारी गेली म्हणून तिनं उपाशी ऱ्हावं का?” मी त्यावर वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

सर गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. देहदानाचं त्यांनी फार आधी ठरवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे त्यांना मेडिकल कॉलेजात नेलं. घर नातेवाइकांनी भरलं आणि कोणाला करायला काही उरलं नाही. चूल पेटवायची कधी, सुतक किती, सगळंच अधांतरी. पुतण्या अस्वस्थ होता. म्हणाला, पिठाचा पुतळा करून विधी करता येतो, गुरुजींना विचारलंय. सरांची लेक दारात उभी होती. तिचं बोलणं आता पुरं पुण्याचं झालं होतं. “बाबांनी लिहून ठेवलंय तसं करायचं,” ती म्हणाली. “पुस्तकात.”

मग संध्याकाळच्या आधी, उन्हं कलताना, आम्ही अंगणात गोल बसलो. मध्ये ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कपात फार गोड चहा. ताटाजवळची जागा रिकामी होती. लेकीनं सगळ्यांकडे बघितलं आणि नजर माझ्यावर थांबवली. “ताई, तुम्ही बसा. त्यांच्याशी तुमच्याइतकं कोणी भांडलं नाही.”

मी. पिंडाचा उल्लेख झाला तरी उठून जाणारी. पण उठता आलं नाही. जाऊन बसले.

पुतण्या म्हणाला, “काका, तुमच्या नावानं नागनाथाला अभिषेक घालू.” तो भाबडा माणूस, त्यानं तो नक्की घातला असता, पण सरांना तो नको होता. मी हात मांडीवर ठेवला. इतिहास म्हणाले, “सर, मीबी देहदान करीन.” त्यांचा शब्द पक्का होता, मला माहीत आहे. पण सरांनी दुसऱ्याकडून असं कधी मागितलं नव्हतं. एक जुना विद्यार्थी म्हणाला, अर्धी राहिलेली कादंबरी मी पुरी करीन. ती पुरी करणं त्याला जमणार नव्हतं आणि तेही त्याला ठाऊक होतं.

लेक म्हणाली, “बाबा, तुमचं पुस्तक मी छापून घेईन.” सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. माझाही हात उचलला गेला होता. पण ते ती आमच्यासाठी बोलली होती. तिच्या डोळ्यांकडे बघितल्यावर कळलं. आणि सरांनी छापण्याचं कधी नावही काढलं नव्हतं. मी हात परत मांडीवर ठेवला. ती दुखावली, मला दिसलं. हे काम किती अवघड आहे ते तेव्हा समजलं. पाखराला हे सोपं जातं, कारण त्याला बोलणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही.

चहावर साय धरली. मग ती ताटाकडे बघत बोलायला लागली, आणि पुण्याची वर्षं तिच्या जिभेवरून उतरून गेली.

“बाबा, मला तुमचं यान-बिन कधी कळलं न्हाई. तुमी आईला चिडवायचे तेबी आवडत न्हवतं. पण सुमनचं पान मी ठेवीन. दरसाल. तिला उपाशी ठेवणार न्हाई.”

मी ताटाला बोट लावलं.

हे सगळं होऊन आता काही काळ झाला. परवा सर्वपित्री होती. सकाळपासून मी फोन जवळ ठेवला होता. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. कावळ्यानं बघायचं असतं, आठवण करून द्यायची नसते. दुपारी वर्गातून आले तर तिचा फोटो येऊन पडला होता. पुण्यातली उंच इमारत, गॅलरीचा कठडा, त्यावर केळीचं पान. खीर, कढी, दोन वडे, एक करपलेला. जाळीबाहेर एक कबूतर. खाली तिनं लिहिलं होतं, “ताई, इकडे कावळे येत नाहीत. चालेल ना?”

स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. खिडकीबाहेर कडुनिंब होता. मी चष्मा पुसला आणि तिला एकच शब्द पाठवला.

“शिवला.”